सरांचं चुकांचं पान

सोनकांबळे सर कुणाच्याही घरी गेले की समोर आलेला पाण्याचा पेला आधी खिडकीजवळ न्यायचे. उजेडात धरून बघायचे, वास घ्यायचे आणि मग विचारायचे, "बोअरचं का नळाचं?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेला ओठाला लागायचा नाही. आमच्या नांदेडच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रसायनशास्त्रात वर्गात पहिली आले होते, म्हणून बाबांनी कौतुकानं त्यांना चहाला बोलावलं होतं. आईनं लख्ख घासलेल्या तांब्यातून पाणी दिलं आणि सर पेला घेऊन उठून खिडकीशी गेले. आईचा चेहरा असा काही झाला की विचारू नका. कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालतं, या प्रश्नाचा आमच्यासारख्या घरांत फार जुना इतिहास आहे. तो असा उलटा होऊन आपल्याच बैठकीत उभा राहील असं तिला कधी वाटलं नसणार.

सरांना यातलं काही कळलं नाही, किंवा सगळंच कळलं असावं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, आमच्या मोरीतल्या नळाखाली ती तीनदा विसळली आणि चौथ्यांदा भरून घेतली. मला म्हणाले, "ज्याचं पाणी मोजायचं, त्याच पाण्यानं बाटली विसळायची. तीनदा. न्हाईतर मागच्या गावचं पाणी ह्या गावच्या नावावर चढतंय." आणि चहा न घेताच गेले. आईनं आठवडाभर बाबांचं डोकं खाल्लं. आठ दिवसांनी सर परत दारात. "वहिनी, पाणी एकदम चांगलं हाय तुमचं. आता दोन कप द्या, मागचा एक राहिलाय." आईला हसू आवरलं नाही, आणि तिथून पुढं सर आमच्या घरचेच झाले.

ते बाटलीचं वाक्य मी पुढं प्रयोगशाळेत इतक्या वेळा ऐकलं की मध्यरात्री कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि नेमकं तेच मी विसरले. माझ्या हातून काय झालं ते सांगायचं तर सर कसे होते ते आधी सांगायला पाहिजे, म्हणून हा खटाटोप. नाहीतर माझ्यासारखीनं सरांवर लिहावं, हे जरा जास्तच होतंय.

सर उंच, काटकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला कायम एक पेन्सिल आणि एक पेन. कुठलीही नोंद आधी पेन्सिलनं करायची, खात्री झाली की तीच पेननं गिरवायची. वर्गाची हजेरीसुद्धा तशीच. तासाच्या सुरुवातीला पेन्सिल, तास संपताना पेन, म्हणजे मध्येच मागच्या दारानं सटकणाऱ्यांची चोरी उघडी पडायची. खात्री करायची त्यांची रीत एकदम साधी होती. एकच प्रश्न दोनदा विचारायचा, आणि मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. "पहिल्यांदा माणूस तोंडाला येईल ते बोलतंय," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा विचारलं की खरं आठवतंय." दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं की पेन्सिल खिशात जायची आणि पेन बाहेर यायचं.

त्यांचे दात तपकिरी होते. सगळ्या दातांवर डाग, काहींच्या कडा झिजलेल्या. हसताना तोंडावर हात धरायचे. आम्ही पोरींनी त्यांचं नाव 'गुटखा सर' ठेवलं होतं. आम्ही म्हणजे मीही, उगीच दुसऱ्यांवर कशाला ढकलू? एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, फळ्यावर 'फ्लोराइड' लिहिलं आणि म्हणाले, "एकेक जण पुढं या." मग खुर्चीत बसून त्यांनी तोंड उघडलं. वर्गातल्या सगळ्यांना रांगेनं आपले दात दाखवले. मुखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावी वस्तीचा हापसा वेगळा होता, गावचा आड वेगळा. आडाचं पाणी गोड, हापशाचं असं. "आडावर आम्हाला जाता येत नव्हतं," इतकंच ते म्हणाले आणि लगेच रासायनिक समीकरणाकडं वळले. "हे पुस्तकातलं चित्र न्हाई. नीट बघून घ्या." माझी पाळी आली तेव्हा मला वर बघवेना. तेव्हा वाटलं, यापेक्षा जास्त लाज आयुष्यात वाटणार नाही. कशाचं काय!

निवृत्त झाल्यावर लोक भजन-कीर्तनाला लागतात, सर वेबसाइट शिकायला लागले. वर्षानुवर्षं गावोगावच्या पाण्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं संशोधन कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलं होतं. सरांनी ते सगळं स्वतः टाइप केलं आणि कॉलेजच्या सर्व्हरवर साइट टाकली. एका गावाला एक पान. अर्धापूरकडची केळीच्या पट्ट्यातली गावं, मुखेडकडची कोरडवाहू गावं, पार हिमायतनगरपर्यंत. पान उघडलं की सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, हापशाचं किंवा बोअरचं नाव आणि त्यापुढं 'प्यायला चालतं' किंवा 'पिऊ नका, वापरायला घ्या'. त्याखाली आकडे, तपासणीची पद्धत, शोधनिबंध, ज्याला खोलात जायचं त्याच्यासाठी. फोटो एकही नाही, रंगरंगोटी नाही. मी एकदा म्हटलं, सर, जरा सजवू या का? म्हणाले, "वाडीवर रेंज असती का? डब्बा फोन हाय लोकांकडं. फोटो उघडस्तोर माणूस पाणी पिऊन मोकळा व्हतंय."

आणि साइटच्या शेवटी एक पान होतं, जे मी माझ्या धंद्यात दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. त्याचं नाव 'चुका'. काय चूक झाली, कुणाकडून झाली, कधी कळली, कधी सुधारली. चार रकाने. त्यातली पहिली नोंद सरांची स्वतःची. अर्धापूरजवळच्या दोन गावांच्या बाटल्यांवरची नावं एसटीत घामानं पुसली गेली आणि सरांनी अंदाजानं लावली. अदलाबदल झाली. महिन्यानं फेरतपासणीत लक्षात आलं. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं सर, ज्या गावाचं वाईट पाणी चांगलं ठरलं होतं, त्या गावी गेले, ग्रामपंचायतीचा भोंगा मागून घेतला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले, "मी सोनकांबळे. तुमच्या हापशाचं पाणी मी चांगलं सांगितलं होतं. माझी चूक झाली. पिऊ नका." कुणीतरी म्हणालं, सर, गुपचूप सरपंचाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. सर म्हणाले, "चांगलं हाय हे मी सगळ्या गावाला सांगितलं होतं ना? मग चुकलो हे बी सगळ्या गावाला सांगायचं."

आता माझं. मी लातूरला एका छोट्या कंपनीत आहे. लोकांच्या वेबसाइट तपासून अहवाल द्यायचे हे माझं काम. साइट किती वेगानं उघडते, कुठं अडते, तिच्यावर कोण येतं, कुठून येतं, किती वेळ थांबतं आणि कुठून पळ काढतं. लातूर म्हणजे क्लासेसचं गाव, त्यामुळं आमची बहुतेक गिऱ्हाइकं क्लासवालेच. त्यांच्यात अशी जुंपलेली असते की एका क्लासची माणसं दुसऱ्याच्या साइटवर दिवसभर टिचक्या मारत बसतात, नुसता आकडा बिघडवायला. म्हणून मोजणी करताना आम्ही एक गाळणी लावायचो. एकाच कनेक्शनवरून दिवसात पुन्हा पुन्हा कुणी आलं आणि काही सेकंदांत निघून गेलं, तर ती भेट खोटी धरायची. गाळणी मीच बनवली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता.

सरांच्या जुन्या कॉलेजच्या संस्थेत नवे संचालक आले. तपासणी समिती येणार होती, त्याआधी त्यांना सगळ्या जुन्या साइट आवरायच्या होत्या. सरांच्या संशोधनाच्या साइटवर कुणी येतं का, ती ठेवायची की काढायची, यावर तांत्रिक अहवाल द्या, असं काम आमच्याकडं आलं. मी उड्या मारत ते घेतलं. म्हटलं, सरांच्या साइटची मोजणी आपल्या हातून होणार! क्लासच्या एका जुन्या अहवालाची नक्कल काढली, नाव बदललं, साइट बदलली आणि आकडे येऊ दिले. गाळणी काढायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली वगैरे काही नाही, ती आत आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन दिवसांत अहवाल तयार. साइट जुनाट, मोबाइलसाठी केलेली नाही, चित्रं नाहीत, सुरक्षेचं कुलूप नाही. येणारे लोक नगण्य, आलेले थांबत नाहीत. एक गोष्ट मात्र अशी की आम्ही तपासलेल्या सगळ्या साइटांमध्ये ती सर्वांत वेगानं उघडत होती. ते मी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत टाकलं.

संचालकांना अहवाल देण्याआधी मी सरांना लातूरला बोलावलं. आपणच नीट समजावून सांगावं म्हणून. नांदेडहून एसटीनं आले, हातात दशम्यांचा डबा. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी प्रत्येक आलेख समजून घेतला, शिकणाऱ्या पोरासारखे प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "एकंदर लोकं किती येतात?"

"दिवसाला दोन-तीन, सर."

सरांनी आलेखाकडं परत एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मुखेडची शबाना म्हणती, लई लोकं बघतात म्हणून." शबानाआपा म्हणजे मुखेडला दाखले, अर्ज भरून देण्याचं सेवा केंद्र चालवणाऱ्या बाई.

"सर, मोजणीत तर दिसत नाही."

"न्हाई का? मग माझं मन राखायला म्हणत असंल बिचारी."

त्यांनी दोन-तीन हा आकडा पेन्सिलनं वहीत लिहिला. मग विषय बदलला. आमच्या ऑफिसातलं पाणी जारचं का विचारलं, आईची चौकशी केली, मला एक दशमी खायला लावली. पाऊण तासानं उठता उठता परत म्हणाले, "किती म्हणालीस मघाशी?"

"दोन-तीन."

"बाटली विसळली होतीस ना?"

मला वाटलं, जुन्या आठवणीनं थट्टा करतायत. मी हसून म्हटलं, "हाव सर, तीनदा!"

त्यांनी पेन काढलं आणि आकडा गिरवला. साइट बंद करायची वेळ आली तर असावी म्हणून संस्थेनं त्यांची लेखी संमती मागितली होती, तो कागद पिशवीतून काढून त्यावर तिथंच सही केली. माझा चेहरा उतरलेला बघून उलट मलाच म्हणाले, "तू कशाला तोंड पाडून राहिलीस बाळ? मोजलंस, खरं ते सांगितलंस. लोकं तर मोजत बी न्हाईत. एवढी वर्षं मी एकटाच बोलून राहिलो म्हणायचं, दुसरं काय." मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून एकदाही बाहेर पाहिलं नाही. असं ते कधी करत नसत.

तीन आठवड्यांनी एका क्लासवाल्याचा चिडून फोन आला. त्याच्या होस्टेलची शंभरेक पोरं एकाच वायफायवरून रोजचं वेळापत्रक उघडून लगेच बंद करत होती आणि आमच्या मोजणीत ती येतच नव्हती. मी बघायला बसले. गाळणी त्यांना खोटं धरून उडवत होती. हसले, दुरुस्त केलं, आणि दुसऱ्याच क्षणी सरांचा अहवाल आठवला. सरांच्या साइटचे आकडे उघडले. गाळणी काढली. मुखेडचं एक कनेक्शन, दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती रीघ. एक गाव उघडायचं, आठ-दहा सेकंदं, बंद. दुसरं गाव, बंद. तिसरं. हिमायतनगरकडंही तसंच एक कनेक्शन. बाजाराला आलेली माणसं शबानाआपाच्या खिडकीशी उभी राहून आपल्या हापशाचं विचारत होती, आणि आपा पान उघडून वरची ओळ वाचून दाखवत होत्या. आठ सेकंदांत काम झालं की माणूस चालला आपल्या वाटेनं! थांबायचं कशाला? सरांनी ओळ वर ठेवली होती ती त्यासाठीच. आणि मी अहवालात लिहिलं होतं, आलेले थांबत नाहीत.

साइट अजून चालू होती. बंद व्हायला आठ दिवस होते. एक फोन पुरला असता.

मी तो केला नाही. संचालकांना अहवाल इतका आवडला होता की कॉलेजची नवी साइट करायचं काम त्यांनी आम्हालाच दिलं होतं, आणि आमच्या मालकांनी त्या कामाची प्रमुख मला केलं होतं. माझ्या हाताखाली पहिल्यांदाच दोन माणसं आली होती. आता उठून सांगायचं की माझा अहवाल चुकला? मी स्वतःला समजावलं की सरांकडं वह्या आहेत, काही बुडत नाही, लोक फोन करून विचारतील, आणि सरांनी सही तर केलीच आहे. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. रोज संध्याकाळी काहीतरी कारण सापडायचं. आठव्या दिवशी ऑफिसात बसून मी साइट उघडून बघितली. उघडली. दुपारी बघितली, उघडली नाही. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात ना, तीसुद्धा मला नव्हती. मूग गिळून बसले.

दोन-अडीच महिने गेले. सरांचा फोन आला की मी तो वाजू द्यायची. चोराच्या मनात चांदणं. एकदा न बघता उचलला गेला. सर म्हणाले, "वैशाली, तपासायला घेतली तवाची साइटची नक्कल हाय का तुझ्याकडं? एका गावाचं पान पाहिजे व्हतं. वही भिजली माझी. तुला वेळ असंल तर बघ, गडबड न्हाई." वेळ असंल तर! ज्या माणसाची साइट मी घालवली तो माझा वेळ विचारत होता. मी म्हटलं, सर, मी घेऊनच येते. कुठं आहात? म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मुखेडला असतोय मी."

पेन ड्राइव्ह घेऊन मी मुखेडला उतरले. सेवा केंद्राच्या ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत सर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर वह्यांचा ढीग. समोर रांग होती, चांगली रस्त्यापर्यंत गेलेली. बाया, म्हातारे, हातात पिशव्या, कुणाच्या हातात पाण्याच्या बाटल्या. सर मान वर न करता विचारत होते, "गाव कोणतं? कुठला हापसा?" मग वहीत शोधायचे, सापडेपर्यंत माणूस उन्हात उभा. दर आठवड्याला नांदेडहून एसटीनं येऊन हे चाललं होतं. सत्तरीच्या पुढचं वय. मला पुढं जायचं धैर्य होईना, मी रांगेत उभी राहिले.

रांगेशी उभ्या असलेल्या शबानाआपांनी मला ओळखलं नाही, मी कोण हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या आपल्या बोलत होत्या. "क्या करना मॅडम, सरची साइट बंद पाडली कुणीतरी. म्हणे कुणी बघतच नव्हतं! अहो, हितं बाजाराच्या दिवशी मला चहा प्यायला फुरसत मिळायची न्हाई. आमच्या हिकडच्या एका वाडीवर अंगणवाडीला नवीन बाई आल्या. त्या विचारायला आलत्या, हापसा चालतो का म्हणून. पान उघडंना. मग काय, चालत असंल म्हणून त्यांनी तेच पाणी घेतलं. दोन महिने लेकरांची खिचडी त्यातच. सरला कळलं तर पायपीट करत वाडीवर गेले, हापशाला लाल रंग मारून आले." मी विचारलं, लेकरांना काही झालं का? म्हणाल्या, "दिसत न्हाई ना मॅडम ते. ते नंतर दातात दिसतंय."

माझी पाळी आली. "गाव कोणतं?" सरांनी विचारलं.

"लातूर, सर."

त्यांनी वर पाहिलं, आणि तोंडावर हात धरून असे हसले की मला रडूच आलं. मी तिथंच, उभ्या उभ्या सांगून टाकलं. गाळणीचं सांगितलं. क्लासचा अहवाल तसाच उचलल्याचं सांगितलं. बाटली विसळली नव्हती, सर, असं मी म्हणाले. इथं दर बाजाराला रांग होती आणि मी तुम्हाला दोन-तीन सांगितलं, असंही म्हणाले. सर हळूहळू हसायचे थांबले. मग त्यांनी ढिगातून सगळ्यात खालची वही काढली, चुकांची, आणि पेन्सिल हातात घेतली.

"कधी कळलं तुला?"

आजही सांगते, त्या क्षणी खरं माझ्या तोंडाशी आलं होतं. साइट चालू होती तेव्हाच कळलं, सर. आठ दिवस हातात होते. पण शबानाआपा बघत होत्या, रांगेतल्या बाया बघत होत्या, आणि लाल रंग मारलेला तो हापसा माझ्या डोळ्यांपुढं होता.

"परवा," मी म्हणाले.

सरांनी पेन्सिलनं तारीख लिहिली. मग वही मिटली आणि खुर्चीतून उठले. रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. मोजणीत चूक झाली हिची. परवा कळली अन् आज लातूरहून एसटी धरून सांगायला आली. असं पाहिजे माणूस!" रांगेतली एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, गुणाची गं बाई. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण ती कशाला फाटते?

साइट आता परत चालू आहे. मी माझ्या नावानं दुसऱ्या सर्व्हरवर जागा घेतली आणि नकलेवरून सगळी पानं जशीच्या तशी चढवली. सरांनी फोनवरून एकच अट घातली होती, चुकांचं पान पूर्ण चढवायचं. माझी नोंद त्यांनी वाचून दाखवली आणि मी माझ्या हातानं टाइप केली, त्या तारखेसकट. पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. साइटचा पासवर्ड आता माझ्याकडंच आहे. त्या सबंध साइटवर प्रत्येक आकडा सरांनी दोनदा विचारून लिहिलेला आहे, आणि त्यात खोटी अशी एकच तारीख आहे, ती माझी. बदलायला एक मिनिटही लागणार नाही. कितीदा तरी ते पान उघडते आणि वाचून मिटते. कारण बदलली की भर बाजारात मिळालेली ती शाबासकीही जाईल, आणि सरांनी मला दिलेलं दुसरं काही माझ्याकडं उरलेलं नाही. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

त्या दिवशी मुखेडहून निघाले तेव्हा सर मला स्टँडवर सोडायला आले होते. नको नको म्हणत असताना आले. मला खिडकीची जागा मिळाली. सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून खिडकीतून माझ्या हातात दिली. "पी बिनधास्त, तपासलेलं हाय." मग चुकांची वही उघडली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वैशाली, कधी कळलं म्हणालीस?"

ते का विचारतायत हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मला नाही तर कुणाला माहीत असणार? मध्ये थोडा वेळ जाऊ दिला होता त्यांनी. कंडक्टरनं घंटी मारली.

"परवा, सर," मी म्हणाले.

सरांनी मान डोलावली. पेन्सिल खिशात ठेवली, पेन काढलं, आणि वही एसटीच्या पत्र्याला टेकवून, गाडी हलायच्या आत घाईघाईनं तारीख गिरवली.